प्रयोगशाळेत पाऊल ठेवण्यापूर्वी
(शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यापुढे केलेले भाषण)



मी कलाशाखेचा पदवीधर. प्रयोगशाळेविषयी अधिकारवाणीने बोलणे मला शोभणार नाही. तथापि, माहिती अधिकारी या नात्याने शाळाशाळांतून हिंडताना विद्यार्थ्यांच्या प्रयोगवह्या पुष्कळ चाळावयास मिळाल्या. त्यांतील सुबकपणाच मला अनेकदा खटकला. साऱ्या वर्गाचे उत्तर एकच, आणि खाडाखोड कोठेही नाही!

साध्या दोलकाचा प्रयोग घ्या. टांगण्याच्या बिंदूपासून गोळ्याच्या मध्यापर्यंतचे अंतर १ मीटर असल्यास एका आंदोलनास सुमारे २ सेकंद लागतात. म्हणजे २० आंदोलनांस सुमारे ४०. घरून एवढी आकडेमोड करून आलेल्या मुलाच्या घड्याळात ३८ सेकंद भरले, तर तो थबकतो. बहुधा मोजणी सुरू करताना त्याने 'शून्य' म्हणण्याऐवजी 'एक' म्हटलेले असते. मोजली वीस, झाली एकोणीस. एवढ्याशा चुकीने गुरुत्व त्वरण ९.८ ऐवजी जवळजवळ १०.९ येते. तयारीविना आलेला मुलगा मात्र ९.८ हा आकडा आधी लिहितो व निरीक्षणे मागाहून त्यास जुळवून घेतो. मोजणीतील चूक त्यास कळण्याचा संभवच उरत नाही.

म्हणून आदल्या दिवशी कृती वाचावी, निरीक्षणांचा तक्ता वहीत आखून ठेवावा आणि काय दिसावे याचा अंदाज नोंदवावा. निरीक्षण मात्र जागेवरच आणि शाईने लिहावे. आकडा चुकल्यास त्यावर एक रेघ ओढावी. खोडरबर घरी राहिलेले बरे.

रसायनशास्त्रात तयारीचा अभाव अंगावर येतो, तोही अक्षरशः. तीव्र सल्फ्युरिक आम्ल नेहमी पाण्यात, थोडेथोडे व ढवळत घालावयाचे. आम्लात पाणी ओतल्यास उत्पन्न होणाऱ्या उष्णतेने ते उकळून आम्ल तोंडावर उडते. हे ऐन वेळी सांगून भागत नाही. वेणी बांधलेली असावी, ओढणी खोचलेली असावी, कपडे सुती असावेत. नायलॉन वितळून त्वचेस चिकटते.

बारावीस प्रात्यक्षिकाचे ३० गुण असतात. वही 'पूर्ण' करण्याची घाई त्यामुळे समजू शकते. पण शिक्षकांनी कोऱ्या करकरीत ९.८ पेक्षा, १०.९ येऊनही त्याचे कारण शोधणाऱ्या वहीस अधिक गुण द्यावेत, असे मला वाटते. तसे झाल्याखेरीज मुले खरे आकडे लिहिणार नाहीत.

पंचायत सदस्यांकडे मागणे लहानसे आहे. शाळेस भेट द्याल तेव्हा कपाटातील उपकरणांची मोजदाद जरूर करा. पण नळास पाणी आहे काय, वाळूची बादली भरलेली आहे काय, बाटल्यांवरील चिठ्ठ्या शाबूत आहेत काय, हेही पाहा. आणि पुढील आठवड्याच्या प्रयोगांची यादी फळ्यावर लागली आहे काय, हे एखाद्या विद्यार्थ्यासच विचारा. ती लागली नसेल तर त्याने घरी वाचावयाचे तरी काय?