श्वानाचा आहार : न सोसणारे अन्न



ग्वाल्हेरजवळ टेकनपूर येथे सीमा सुरक्षा दलाचे राष्ट्रीय श्वान प्रशिक्षण केंद्र १९७० पासून कार्यरत आहे. माग काढणारे व स्फोटके हुंगणारे श्वान तेथे तयार होतात. अशा श्वानास सतत खाज सुटली, तर त्याचे कामातील लक्ष ढळते. घरच्या कुत्र्याची परवड तर याहून अधिक होते. लष्कर भागातील एखाद्या मराठी घरी कुत्र्याचे केस झडू लागले, की ‘लूत लागली’ असे समजून ते इमानी जनावर घराबाहेर घालविले जाण्याचा धोका असतो. वास्तविक दोष त्याच्या थाळीतही असू शकतो.

येथे दोन गोष्टींतील भेद जाणणे अगत्याचे आहे. अन्नातील एखाद्या प्रथिनास शरीराची प्रतिकारयंत्रणा शत्रू मानते, ती ॲलर्जी होय. गोमांस, दुग्धजन्य पदार्थ, कोंबडी व गहू ही तिची नेहमी आढळणारी कारणे आहेत. वर्षानुवर्षे खाल्लेले अन्नही पुढे बाधू शकते. पंजे चाटणे, बारमाही खाज व वारंवार कान बिघडणे ही तिची लक्षणे होत. दुसरा प्रकार केवळ न पचण्याचा. पिल्लू मोठे झाल्यावर दुधातील साखर पचविणारे पाचकद्रव्य घटते. त्यामुळे दुधाने काही कुत्र्यांना जुलाब होतात. सारांश, मायेने घातलेली दूध-पोळी दोन्ही प्रकारे बाधू शकते.

तथापि खाजेचे कारण बहुधा पिसवा, गोचीड वा खरोखरीची लूत हेच असते. म्हणून पशुवैद्यकाकडून त्यांची तपासणी प्रथम करून घ्यावी. अन्नाच्या ॲलर्जीचे निदान केवळ रक्ततपासणीने खात्रीपूर्वक होत नाही. त्यासाठी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने, पूर्वी कधीही न खाल्लेल्या एकाच प्रथिनाचा आहार किमान ८ आठवडे द्यावा लागतो. खाज शमल्यावर जुने अन्न पुन्हा द्यावे. बहुधा दोन आठवड्यांच्या आत खाज परतली, तर निदान पक्के झाले असे समजावे.

या काळात बिस्किटाचा तुकडा किंवा मुलांच्या ताटातील एक घासही सारा प्रयत्न व्यर्थ घालवितो. तेव्हा हे पथ्य कुत्र्याचे असले, तरी ते पाळावयाचे आहे घरातील प्रत्येकाने. आठ आठवड्यांच्या या संयमाने एका मुक्या सोबत्याचे घर टिकू शकते.