शल्यचिकित्सकाचे हात



शल्यचिकित्सक म्हणजे जीवदान देणारा, ही समाजाची श्रद्धा योग्यच आहे. परंतु त्याचा देहही हाडामांसाचाच असतो, याचा अनेकदा विसर पडतो. टाके घालताना सुई निसटून त्याच्या बोटात रुतली, तर रुग्णाच्या रक्तातील हिपॅटायटिस किंवा एचआयव्हीचे विषाणू त्याच्या शरीरात शिरू शकतात. हिपॅटायटिस-बीवर लस आहे. हिपॅटायटिस-सीवर अद्याप नाही. तासन्‌तास मान वाकवून उभे राहिल्याने मानेची व पाठीची दुखणी जडतात, ती निराळीच.

दक्षिण आफ्रिकेतील डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी ३ डिसेंबर १९६७ रोजी केप टाऊन येथे मानवी हृदयाचे जगातील पहिले प्रत्यारोपण केले. त्यांना संधिवात असल्याचे निदान त्यापूर्वीच, १९५६ साली झाले होते. दुखणाऱ्या हातांनीच त्यांनी इतिहास घडविला. पुढे व्याधी बळावली आणि १९८३ साली त्यांना शस्त्रक्रिया थांबवावी लागली.

आपल्याच देशातील डॉ. मेरी व्हर्गीस यांच्यावर तर तारुण्यातच घाला आला. १९५४ साली मोटार अपघातात त्यांच्या पाठीच्या कण्याला इजा झाली आणि दोन्ही पाय कायमचे निकामी झाले. वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरुग्णांच्या आखडलेल्या हातांवर शस्त्रक्रिया करीत असत. हातावरील शस्त्रक्रिया बसूनही करता येते, हे जाणून त्यांनी मेरी यांना या कामाकडे वळविले. चाकांच्या खुर्चीत बसून त्यांनी अनेकांच्या बोटांना पुन्हा हालचाल मिळवून दिली. पुढे परदेशात पुनर्वसनाचे शिक्षण घेऊन त्या मायदेशी परतल्या आणि १९६६ साली वेल्लोर येथे अपंगांसाठी पुनर्वसन संस्था उभी राहिली. १९७२ साली त्यांना पद्मश्री लाभली.

त्यांचे धैर्य असामान्य होतेच. पण गेलेल्या पायांऐवजी शाबूत हातांकडे पाहणारा सहकारी लाभला नसता, तर ते धैर्य घरातच कोंडले गेले असते.

रुग्णालयाला दान देताना खाटा आणि यंत्रे मोजली जातात. त्याच वेळी तेथील डॉक्टर, परिचारिका व सफाई कामगार यांना लस मिळते का, पुरेसे हातमोजे असतात का, सुई टोचल्यास एचआयव्ही प्रतिबंधक औषध ताबडतोब, फार तर ७२ तासांच्या आत सुरू होते का, हेही दात्यांनी विचारावे. आणि कोणी अपंग झालाच, तर त्याला निरोप देण्यापूर्वी त्याच्या हाती अजून काय उरले आहे, हे पाहावे. इतरांना सावरणारे हात सांभाळणे, हीदेखील रुग्णसेवाच होय.