आक्षेप आणि उपाय



संगणकाच्या भाषांविषयी बोलावयास मी तज्ज्ञ नव्हे. कला शाखेचा साधा पदवीधर आहे. परंतु फायलींवर शेरे लिहिणाऱ्या प्रत्येकास परिचित असा एक प्रश्न या विषयात दडलेला आहे : चूक दाखवावी कशी?

ग्रेडन होअर यांनी २००६ साली आरंभिलेल्या आणि मे २०१५ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती लाभलेल्या ‘रस्ट’ या भाषेत प्रत्येक वस्तूस एकच मालक असतो. ती दुसऱ्याच्या हवाली केली की पहिल्याचा हक्क संपला. उसनी मात्र देता येते : वाचण्यासाठी एका वेळी कितीही जणांस, बदलण्यासाठी एकासच. कंपायलर हे नियम प्रोग्राम चालण्यापूर्वीच तपासतो. त्यामुळे सोडून दिलेली स्मृती पुन्हा वापरण्यासारखे घातक दोष उंबरठ्यावरच अडतात.

२०१६ साली या आक्षेपांची मांडणी सुधारली. वस्तू कोठे हवाली झाली आणि पुन्हा कोठे वापरली, हे मूळ ओळींखालीच दिसू लागले. २०१८ मध्ये तपासणीच समंजस झाली. उसनवारी शेवटच्या वापरापाशी संपते असे मानल्याने कित्येक निर्दोष प्रोग्रामांवरील आक्षेप मिटले.

खरी कसोटी आहे ती उपाय सुचविण्यात. समजा, एक यादी फंक्शनच्या हवाली केली आणि नंतर पुन्हा वापरली. ‘ई०३८२’ हा आक्षेप येतो. यादीची प्रत काढून दिली की तो तत्काळ मिटतो. परंतु यादी लाखभर नोंदींची असेल तर खर्च व्यर्थ जातो. आणि फंक्शनने तीत दुरुस्त्या करणे अपेक्षित असेल, तर त्या प्रतीतच राहून मूळ यादी तशीच राहते. आक्षेप गेला, चूक उरली! फंक्शनला केवळ वाचावयाचे असेल तर त्याने मालकी न मागता यादी उसनी मागावी. दुरुस्ती करावयाची असेल तर बदलण्याच्या हक्कासह उसनी मागावी.

आजचा कंपायलर मालकीची गरज नसल्यास उसनवारी सुचवितो, आणि प्रतीच्या सूचनेस ‘खर्च परवडत असल्यास’ अशी पुस्तीही जोडतो. यंत्राने परस्पर लागू कराव्यात अशा खात्रीच्या सूचना आणि माणसाने पारखून घ्यावयाच्या सूचना, असा भेदही तो पाळतो. पुढील सुधारणा याच दिशेने व्हावी : सोपा उपाय आधी नव्हे, तर लिहिणाऱ्याच्या हेतूस जुळणारा उपाय आधी.

ज्या शेऱ्याने फाईल पुढे सरकते, पण लिहिणारा शहाणा होत नाही, तो शेरा अपुराच होय. यंत्राच्या शेऱ्यासही हाच न्याय लावावा, इतकेच सांगून आपली रजा घेतो.