मुलांच्या हाती काय द्यायचे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



भाषण करण्याची मला सवय नाही. चिटणीसबाईंनी आग्रह केला म्हणून उभी राहिले आहे. बोलायचे आहे ते आपल्या शनिवारच्या वर्गाविषयी. हजेरीपटावर दोनच नावे उरली आहेत आणि वर्ग बंद करावा असा ठराव पुढच्या सभेत येणार आहे. त्याआधी माझ्या घरची एक गोष्ट ऐका.

लग्नानंतरच्या पहिल्या गणेशचतुर्थीला सासूबाईंनी मला मोदकाच्या पारीला हात लावू दिला नाही. दुसऱ्या वर्षी मात्र उकडीचा गोळा माझ्या हातावर ठेवला आणि त्या पाठ करून नारळ खवायला बसल्या. माझ्या मोदकाला जेमतेम पाच कळ्या पडल्या, त्याही आडव्यातिडव्या. मोदकपात्रात तो फुटला आणि सारण बाहेर आले. सासूबाईंनी तोच मोदक स्वतःच्या पानात वाढून घेतला. बोलल्या काही नाहीत. त्या पाठ करून का बसल्या, हे कळायला मला तीस वर्षे लागली.

कारण माझी मुलगी अकरा वर्षांची असताना मी नेमके उलटे वागले. घरात पंधरा पाने व्हायची होती, नैवेद्याला उशीर झाला होता. तिने हौसेने पारी करायला घेतली, ती कडेला चिरली, आणि मी म्हटले, "दे इकडे, तुला जमायचे नाही." तिने गोळा दिला, हात धुतले आणि ती बाहेर गेली. त्यानंतर तिने कधी विचारले नाही आणि मीही बोलावले नाही. कामे लवकर उरकत होती, त्यातच मला बरे वाटत होते.

दोन वर्षांपूर्वी तिचा बंगळूरहून फोन आला. "आई, उकड कशी काढायची? माप सांग." मी म्हटले, "अंदाजाने." ती म्हणाली, "अंदाज फोनवरून कसा देणार?" मला उत्तर सुचले नाही. दुसऱ्या दिवशी मी हातात वाटी घेऊन स्वतःचाच स्वयंपाक मोजायला बसले. एक वाटी पिठीला एक वाटी पाणी, चिमूटभर मीठ, चमचाभर तूप. पाण्याला उकळी आली की पिठी घालून ढवळायचे, झाकण ठेवून वाफ आणायची, आणि उकड गरम असतानाच तेलापाण्याच्या हाताने मळायची. दोन वाट्या नारळाला एक वाटी गूळ. मोदक पाण्यात बुडवून मग पात्रात ठेवायचा, म्हणजे खाली चिकटत नाही. कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ने १९७० पासून किती मुलींना वाटी-चमच्याच्या मापाने स्वयंपाकाला लावले, ते तेव्हा खरे समजले. पण कळी कशी पाडायची ते काही मला लिहिता आले नाही. ते बोटांनी बोटांनाच सांगावे लागते. (काही बायका कृती सांगतात आणि त्यातला एक जिन्नस मुद्दाम गाळतात. तशा येथे कोणी नाहीत असे धरून चालते.)

आता आपल्या वर्गाकडे येते. आपण म्हणतो, मुली येत नाहीत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर नेले. तेथेही वारल्यांची मुले बालवाडीत येत नव्हती. धाकटी भावंडे सांभाळायची, गुरे राखायची, येणार कशी? बाईंनी मुलांना नावे ठेवली नाहीत. बालवाडीच उचलून पाड्यावरच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. शिकवायला खडे, पाने, बिया, जे आसपास सापडेल ते. सरकारने १९७५ मध्ये बालविकास योजना सुरू केली तेव्हा हेच नाव घेतले.

आपण मात्र शनिवारी दुपारी तीनला वर्ग ठेवतो. त्या वेळी मुली शिकवणीला असतात, हे आपल्याला ठाऊक आहे. वेळ का बदलली नाही? सभागृह शनिवारीच मोकळे असते म्हणून! आणि मुलगे का येऊ नयेत, याला तर मला कारणच सापडत नाही. माझा नातू नऊ वर्षांचा आहे. गेल्या वर्षी सुट्टीत आला तेव्हा त्याने सात मोदक केले, चार फुटले. मी नारळ घेऊन त्याच्याकडे पाठ करून बसले होते. फार अवघड जाते हो. हात सारखा पुढे जातो.

तेव्हा ठराव मांडण्याआधी एवढे करून पाहू. येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता माझ्या घरच्या ओसरीवर या. मुलगे-मुली दोन्ही आणा. पिठी, नारळ, गूळ मी ठेवते. येताना प्रत्येकाने आपल्या घरची वाटी आणावी, आणि आयांनी विणकाम आणावे, म्हणजे हात गुंतलेले राहतील.