लाल रुमाल आणि वाळवंटातली गस्त



आयोजकांनी मला 'परंपरा म्हणजे काय' यावर बोलायला सांगितलं होतं. एवढा मोठा विषय माझ्याच्यानं झेपायचा नाही. मी एका रुमालावर बोलतो. तुमच्यापैकी तिघाचौघांच्या खांद्यावर तो आत्ताही दिसतोय: लाल-पांढऱ्या चौकटींचा. आपण त्याला अरबी रुमाल म्हणतो, अरब लोक शमाग म्हणतात. आखातात नोकरीला गेलेला एखादा मामू, चाचा असला की घरात असा एक रुमाल येतोच. काही मुलांना तर तो दीनचाच भाग वाटतो. अरब मुलखात तो इतरत्रही वापरतात, आणि प्रत्येक ठिकाणची हकीकत निराळी आहे. मी फक्त जॉर्डनचं सांगतो. तिथे या रुमालाची गोष्ट सरहद्दीवर पहारा देणाऱ्या एका तुकडीपाशी जाऊन पोचते.

पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांच्या देखरेखीखाली ट्रान्सजॉर्डन नावाचं राज्य उभं राहिलं आणि अमीर अब्दुल्ला त्याचे प्रमुख झाले. 1925 मध्ये हद्दा इथे करार होऊन या राज्याची आणि नज्दची सीमा ठरली. नकाशावर रेघ ओढली गेली. पण हुवैतातसारख्या उंट पाळणाऱ्या बदू टोळ्यांची चराई आणि विहिरी रेघेच्या दोन्ही बाजूंना होत्या. वादी सिरहानचा जुना चराऊ पट्टा नज्दकडे गेला. एकमेकांचे उंट पळवायला धाडी घालणं ही टोळ्यांची जुनी रीत. त्यात मर्दुमकी होती, त्याचे काही नियमही होते. आता तीच धाड आंतरराष्ट्रीय गुन्हा ठरली. पलीकडून इख्वानचे हल्ले होत होते, त्यांत मात्र असले नियम फारसे उरले नव्हते. त्यातच दुष्काळ पडला. कळप गेले, माणसं उपाशी राहू लागली.

राज्याचं अरब लीजन नावाचं सैन्य होतं. पण त्याचा अधिकारी पीक पाशा भरती करायचा ती गावांतल्या आणि शहरांतल्या लोकांची. बदूंवर त्याचा भरवसा नव्हता. 1930 च्या अखेरीस इराकमधून जॉन ग्लब नावाचा इंग्रज अधिकारी आला आणि त्यानं हे उलटं केलं. धाडी घालणाऱ्यांच्याच पोरांना त्यानं पहाऱ्यावर नेमलं. 1931 मध्ये 'वाळवंटी गस्त' ही तुकडी उभी राहिली. महायुद्धात ग्लबच्या जबड्याला जखम झाली होती, म्हणून बदू त्याला 'अबू हुनैक', म्हणजे छोट्या जबड्याचा बाप, म्हणायचे.

सुरुवातीला भरतीला माणसं मिळेनात. सरकार म्हणजे कर आणि शिक्षा, एवढंच त्यांना माहीत होतं. मग गणवेश आला, आणि तो नीट डोळ्यांसमोर आणा. शर्ट-पँट नाही. त्यांचाच पायघोळ झगा, फक्त खाकी रंगात. आत पांढरा झगा, त्याच्या बाह्या लांबलचक. कमरेला लाल पट्टा, पिस्तुलाला लाल दोरी, छातीवर काडतुसांचे पट्टे, चांदीचा खंजीर, आणि डोक्यावर लाल-पांढरा शमाग. ग्लबनं पुढे लिहून ठेवलंय की टोळ्यांतल्या देखण्या मुली आता शिपायाशिवाय कुणाकडे बघेनात, अशी तक्रार लोक करू लागले! लांब केस आणि हे घोळदार झगे पाहून इंग्रज शिपायांनी त्यांना 'ग्लबच्या पोरी' असं नाव ठेवलं. नाव ठेवणारे गंमत करत होते, पण लढाईत याच 'पोरी' त्यांच्या पुढे होत्या.

रम, मुदव्वरा, बायिर अशा पाण्याच्या ठिकाणी छोटी ठाणी बांधली गेली. ठाण्यात कॉफीची चूल असे, आणि आल्यागेल्याला वेलदोड्याची कॉफी मिळे. बदूंची मेहमाननवाजीची रीत सरकारी ठाण्यात आली. शिपायांना तिथेच लिहायला-वाचायला शिकवलं जाई. एक-दोन वर्षांतच धाडी जवळपास थांबल्या, आणि त्यासाठी फारशा गोळ्या झाडाव्या लागल्या नाहीत. पगारानं पोट भरलं आणि पोशाखानं मान राखला. यातलं कुठलंही एक पुरेसं झालं नसतं, असं मला वाटतं.

आता दुसरी बाजू. जोसेफ मसाद या अभ्यासकानं 2001 मध्ये आलेल्या पुस्तकात असं मांडलंय की जॉर्डनची 'बदू ओळख' म्हणून आज जे मिरवलं जातं, त्यातलं बरंच ग्लबच्या छावणीत घडलं. तिथल्या बदूंच्या डोक्यावर त्याआधी साधा पांढरा रुमाल जास्त असे. लाल चौकट तुकडीतून आली. म्हणजे ज्याला आपण हजार वर्षांचं मानतो, ते शंभर वर्षांचंही नाही. मला हे पटतं, पण पूर्ण पटत नाही. ग्लबनं शिवून दिलं हे खरं. पण झगा, खंजीर, कॉफी हे त्यानं कुठून घेतलं? समोरच्या माणसांकडूनच. आणि घालणाऱ्यांनी ते मनापासून घातलं.

तरी हुकूम कुणाचा, हा प्रश्न उरतोच. 1938 मध्ये पॅलेस्टाईनच्या उठावात बंडखोरांनी शहरवाल्यांना फेजची टोपी उतरवून शेतकऱ्यांचा कुफिया घालायला लावला, म्हणजे बंडखोर गर्दीत ओळखू येऊ नयेत. 1939 मध्ये त्या बंडखोरांच्या टोळ्या जॉर्डन नदीच्या अलीकडे आल्या, तेव्हा त्यांच्याशी लढलं ते अरब लीजन. 1941 मध्ये हीच वाळवंटी तुकडी, आता मोटारींवर, इंग्रजांसोबत बगदादच्या मोहिमेवर गेली. तेव्हा ट्रान्सजॉर्डन सरहद्द दल या दुसऱ्या तुकडीतल्या काहींनी इराकमध्ये पाऊल टाकायला नकार दिला. ही आपली लढाई नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे काळा-पांढरा रुमाल पॅलेस्टिनींचा आणि लाल-पांढरा जॉर्डनचा झाला. 1970 मध्ये दोन्ही बाजू अम्मानच्या रस्त्यांवर एकमेकांवर गोळ्या झाडत होत्या. दोघेही अरब, आणि बहुतेक मुसलमानच.

1 मार्च 1956 ला तरुण राजे हुसेन यांनी ग्लबला काढून टाकलं. इंग्रज अधिकारी गेले, सैन्याचं नावही बदललं. रुमाल मात्र कुणी उतरवला नाही. आज वाळवंटातले पोलीस सार्वजनिक सुरक्षा खात्याखाली आहेत. बहुतेक काम गाड्यांवर चालतं. वादी रममध्ये तोच लाल पट्टा आणि तोच खंजीर घालून शिपाई अजून उंटावर बसतात, पर्यटक त्यांचे फोटो काढतात, आणि ठाण्यावर गेलात तर कॉफी पुढे येते.

माझं एवढंच. मागे जो लाल रुमालवाला बसलाय ना, पहिला प्रश्न त्याचा घेऊ. विचार बेटा.