सिंगराजा : समुद्रकाठी जपलेली पाने

(एका व्याख्यानाचे शब्दांकन)



बाली म्हटले की आपल्याकडील प्रवाशाच्या डोळ्यांपुढे त्या बेटाचा दक्षिण किनारा उभा राहतो. विमानतळ तिकडे, मोठी हॉटेले तिकडे, गजबजाटही तिकडेच. बरेचसे भारतीय पर्यटक चार-पाच दिवस तिथे राहतात, दोन-तीन मंदिरांसमोर छायाचित्रे काढतात आणि ‘तिथे अजून आपली संस्कृती आहे’ असे कौतुकाने सांगत परततात. त्या वाक्यातील ‘आपली’ हा शब्द किती सावधपणे वापरावा लागतो, हे कळायला मात्र डोंगर ओलांडून उत्तर किनाऱ्यावर जावे लागते. तिथे सिंगराजा नावाचे एक शांत नगर आहे.

अंतर शंभर किलोमीटरच्या आतले. पण घाटामुळे तीन तास सहज लागतात. भातखाचरे मागे पडतात, बेडुगुलची थंड हवा लागते, बेरातान सरोवराच्या काठचे मंदिर दिसते आणि मग रस्ता उतरू लागतो. उतारावरून खाली बाली समुद्र दिसतो. किनारा पांढऱ्या वाळूचा नाही. ज्वालामुखींच्या या बेटावर उत्तरेची वाळू काळी आहे, आणि कदाचित म्हणूनच इकडची गर्दी कमी आहे.

एके काळी मात्र बालीचे दार हेच होते. ३० मार्च १६०४ हा नगराचा स्थापनादिन मानला जातो, आणि संस्थापक म्हणून पांजी सक्ती या राजाचे नाव घेतले जाते. १८४६ साली डचांनी या बुलेलेंग राज्यावर स्वारी केली. १८४८ साली जगराग येथे पतिह जेलांतिक याच्या सैन्याने त्यांना माघार घ्यायला लावली. पुढच्याच वर्षी ते अधिक फौज घेऊन आले आणि जगराग पडले. ज्या वर्षी पंजाब इंग्रजांच्या हाती गेला, ते हेच १८४९ साल. पुढे हे नगर डच सत्तेचे केंद्र बनले, स्वातंत्र्यानंतर काही काळ प्रांताची राजधानी राहिले. १९६० साली बालीची राजधानी देनपासारला गेली आणि सिंगराजाची वर्दळ ओसरली. जुन्या बंदरावर आज पूर्वीचा व्यापार नाही. स्वातंत्र्ययोद्ध्यांचे स्मारक, जवळच चिनी देवालय, पाण्यात रोवलेल्या खांबांवरची खाणावळ आणि संध्याकाळी गळ टाकून बसलेली माणसे एवढेच तिथे आहे.

याच बुलेलेंग बंदरात १९२७ सालच्या ऑगस्टमध्ये रवींद्रनाथ ठाकूर उतरले. त्यांच्यासोबत भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चटर्जी होते. या प्रवासातील एक प्रसंग रवींद्रनाथांनीच लिहून ठेवला आहे. कारांगासेमच्या राजाबरोबर ते मोटारीतून चालले होते. दोघांना समान अशी भाषा नव्हती. वळणावर समुद्र दिसला तेव्हा राजाने ‘समुद्र’ हा शब्द उच्चारला. पाहुण्याला तो कळला हे पाहताच त्याने समुद्राचे इतर संस्कृत पर्याय म्हटले, पर्वतांची नावे घेतली, मग नद्यांची. त्यांत गंगा-यमुनेबरोबर गोदावरीही होती. नाशिकच्या घाटावर उभे राहून जे नाव आपण रोज घेतो, ते त्या राजाने नदी न पाहता जपले होते.

प्रसंग हृद्य आहे आणि व्याख्यानांतून तो पुष्कळदा सांगितला जातो. पण तो ऐकून केवळ छाती फुगवणे हा त्याचा अर्धाच अर्थ झाला. ही नावे तिथे टिकली ती कोणी टिकवली? भारतातून शतकानुशतके कोणी आचार्य तिथे जात नव्हते. ती टिकवली त्या बेटावरच्या माणसांनी, स्वतःच्या पद्धतीने. ती पद्धत पाहायची तर सिंगराजातील ‘गेडोंग किर्त्य’ या ग्रंथालयात जावे लागते.

इमारत साधी, कौलारू. राजवाड्याच्या आवारालगत. १९२८ साली ती स्थापन झाली, आणि ‘किर्त्य’ हा शब्द संस्कृत ‘कृ’ धातूकडून आलेला. आत लाकडी पेट्यांतून ताडपत्रे ठेवलेली आहेत. त्यांना तिथे ‘लोंतार’ म्हणतात. ‘रोन’ म्हणजे पान आणि ‘ताल’ म्हणजे आपला ताडच, अक्षरांची अदलाबदल होऊन शब्द बनला. संग्रहाची वर्गवारी वाचताना भारतीय वाचक थबकतो : वेद, आगम, वरिग, इतिहास, बबद, तंत्री, लेलाम्पाहन. वरिग म्हणजे ज्योतिष आणि पंचांग, बबद म्हणजे बखरी, तंत्री म्हणजे पंचतंत्राच्या कुळातील कथा, लेलाम्पाहन म्हणजे नाट्यकथा. ‘वेद’ या वर्गात मात्र ऋग्वेद शोधू नये. तिथे आहेत पूजाविधी, मंत्र आणि स्तव. रामायण आहे, पण तेही सरळ वाल्मीकींचे नाही. जुन्या जावानीज भाषेतील रामायणकाव्याचा मोठा भाग भट्टिकाव्यावर आधारलेला आहे. व्याकरण शिकवण्यासाठी रचलेले एक संस्कृत काव्य समुद्र ओलांडून गेले आणि तिथे एका संपूर्ण काव्यपरंपरेच्या आरंभी जाऊन बसले, हे आपल्याकडच्या किती संस्कृत पदवीधरांना ठाऊक असते?

ताडपत्र तयार करणे हे घाईचे काम नव्हे. पाने वाळवायची, भिजवायची, वनस्पती घालून उकळायची, पुन्हा वाळवून लाकडी दाबयंत्रात महिनोन्‌महिने दाबून ठेवायची. मग कापून तीन भोके पाडायची. लिहिणे लेखणीने नव्हे, तर धारदार छोट्या सुरीने. अक्षर कोरले जाते, त्या क्षणी ते जवळजवळ दिसतही नाही. तेलकट बी जाळून केलेली काजळी पानावर चोळली आणि फडक्याने पुसली की काळी अक्षरे उमटतात. एका बाजूला सामान्यतः चार ओळी. अशा चार-चार ओळींनी महाभारताची पर्वे लिहिली गेली आहेत.

आणि एवढे करूनही ते पान टिकत नाही. दमट हवा, वाळवी, कसर यांच्यापुढे ताडपत्राचे आयुष्य शे-दोनशे वर्षांचे. म्हणून बालीत ग्रंथ जपणे याचा अर्थ तो पेटीत ठेवणे असा कधीच नव्हता; जपणे म्हणजे नक्कल करणे. जुने पान झिजण्यापूर्वी नवे कोरायचे. किर्त्यनेही हेच केले. घरोघरीच्या पोथ्या मालकांकडून उसन्या आणल्या, लेखनिक बसवून नकला करवल्या आणि मूळ पोथ्या परत केल्या.

ग्रंथालयाच्या मूळ नावात दोन डच नावेही होती, त्यांपैकी एक व्हॅन डर टुक. हा गृहस्थ १८७० साली बायबलचे बाली भाषेत भाषांतर करण्यासाठी आला होता. आधी भाषा नीट कळली पाहिजे म्हणून कोशाला बसला आणि १८९४ साली मृत्यू येईपर्यंत कोशच करीत राहिला. बायबलचे भाषांतर त्याच्या हातून झाले नाही. कवी-बाली भाषेचा चार खंडांचा कोश मात्र त्याच्या पश्चात छापला गेला. दुसऱ्याच्या भाषेत मनापासून शिरले म्हणजे माणूस कोणत्या कामासाठी आला होता हेही मागे पडते, असे म्हणावे लागेल.

मराठी माणसासाठी आणखी एक दुवा आहे. फ्रेंच पंडित सिल्व्हाँ लेव्ही यांनी बालीतील संस्कृत स्तोत्रे आणि मंत्र गोळा केले. ते पुस्तक १९३३ साली प्रसिद्ध झाले ते पॅरिसमध्ये नव्हे, तर बडोद्याच्या ‘गायकवाड प्राच्य ग्रंथमाले’त. सयाजीराव महाराजांच्या बडोद्याने बालीच्या पुरोहितांची वाणी देवनागरीच्या जगात आणली. ती वाचणाऱ्या संस्कृतज्ञाला विभक्ती चुकलेल्या दिसतात, ऱ्हस्व-दीर्घ ढळलेले दिसतात. तिथे हसू येणे स्वाभाविक आहे. पण ते गिळणे अधिक योग्य. शुद्ध पाठ सांगणारा गुरू शतकानुशतके ज्यांना भेटला नाही, त्यांनी अशुद्ध का होईना, पाठ सोडला नाही.

ही एक बाजू झाली. दुसरी बाजू सुखाची नाही. बालीतील असंख्य लोंतार ग्रंथालयात नाहीत, घरांत आहेत. पूर्वजांची पोथी पवित्र मानली जाते, तिला नैवेद्य दाखवला जातो. आणि पवित्र आहे म्हणूनच तिला हात लावायची भीती वाटते. अपात्र माणसाने उघडली तर अनिष्ट होईल, ही समजूत. लिपी वाचणारे आजोबा गेले की पेटी बंद होते. पूजा चालू राहते आणि आत वाळवी लागते. वर्षांनी पेटी उघडावी तर हाती भुसा यावा, असे घडलेले आहे. लाल फडक्यात बांधून देवघराच्या वर ठेवलेली पोथी ज्यांच्या घरात आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

२०१६ पासून बालीच्या प्रांतिक शासनाने बाली भाषेचे मार्गदर्शक गावोगावी नेमले. त्यांच्या कामांपैकी एक म्हणजे घरोघरी जाऊन या पेट्या उघडणे. आधी देवाची आज्ञा घ्यायची, फुले वाहायची, मग पान-पान सुटे करून गवती चहाच्या तेलाने पुसायचे, पुन्हा काजळी चोळायची, ग्रंथाचे नाव लिहून घरच्यांना सांगायचे की ही वैद्यकाची पोथी आहे, ही वंशावळ आहे. पोथी घरातच राहते. नेऊन संग्रहालयात ठेवायची नाही, हा त्यातला शहाणपणा. आणि ज्या गावांत अजून वाचन चालते, तिथे एकजण जुन्या भाषेतील श्लोक गातो, दुसरा त्याचा बाली भाषेत अर्थ सांगतो, बसलेले लोक शंका काढतात. ज्याने लहानपणी ज्ञानेश्वरीचे निरूपण ऐकले आहे, तो त्या बैठकीत भाषा न कळताही अवघडून बसणार नाही.

नगराबाहेर पडले की हीच वृत्ती दगडात दिसते. सांगसित येथील बेजी मंदिर भाताच्या देवीचे, श्रीदेवीचे. पाणीवाटप करणाऱ्या शेतकरी संघांनी जपलेले. कुबुतंबाहान येथील मंदिराच्या भिंतीवर सायकल चालवणारा एक युरोपीय कोरलेला आहे. १९०४ साली न्यूवेनकाम्प नावाचा डच चित्रकार या भागात सायकलवरून हिंडला, तो हाच असे मानतात. शिल्पकाराने सायकलचे मागचे चाक कमळाचे केले आहे. जगरागच्या मंदिरात तर मोटार अडवणारे दरोडेखोर आहेत, विमाने आहेत, जहाज आहे. जेत्यांची यंत्रे भिंतीवर आली, पण यजमानांच्या शैलीत.

डोंगरातील पेगायमान हे गावही याच जिल्ह्यात. गाव मुसलमानांचे, पण मुलांची नावे वायान, न्योमान अशी बाली क्रमाने ठेवलेली आणि त्यांना जोडून अरबी नाव. प्रवाशाने आपल्या मनातली चौकट घेऊन आले तर हे गाव तिच्यात बसत नाही. चौकटीचा दोष.

पश्चिमेला लोविनाचा किनारा आहे. पहाटे डॉल्फिन दाखवायला होड्या निघतात. होडीला दोन्ही बाजूंना बांबूच्या उलांड्या. कोकणातल्या एका बाजूच्या उलांडीची होडी पाहिलेल्या माणसाला ती दूरच्या नात्यातली वाटते. परंतु एका डॉल्फिनमागे जेव्हा वीस इंजिने धावतात, तेव्हा किनाऱ्यावर बसून सूर्योदय पाहणे बरे.

बालीतील कालगणना शकाची. २०२५ साली त्यांचा नववर्षदिन ‘न्येपी’ २९ मार्चला आला आणि आपला गुढीपाडवा ३० मार्चला. दोन्हीकडे शके १९४७. अधिक मासाच्या हिशेबामुळे एखाद्या वर्षी हे अंतर महिन्याचेही होते, २०२४ साली झाले होते. आपण गुढी उभारतो, मिरवणूक काढतो. तिथे चोवीस तास दिवा नाही, काम नाही, प्रवास नाही, करमणूक नाही. विमानतळही बंद. शक एकच, पण साजरा करण्याची रीत अगदी उलट.

सिंगराजाला जायचे तर शक्यतो सरस्वतीदिन गाठावा. २१० दिवसांच्या त्यांच्या चक्रातील अखेरचा शनिवार हा सरस्वतीचा. त्या दिवशी घरांत, शाळांत, ग्रंथालयांत पुस्तके आणि लोंतार एकत्र मांडतात, त्यांवर फुले वाहतात. निदान पूजा होईपर्यंत वाचायचे नाही, लिहायचे नाही, अक्षर खोडायचे तर मुळीच नाही. दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढून हळदकुंकू वाहणाऱ्यांना त्यात परके काही वाटू नये. रात्री वाचन होते, गायन होते.

आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी, अजून अंधार असताना माणसे समुद्राकडे निघतात. या विधीला ‘बन्यू पिनारुह’ म्हणतात. ज्ञानाचे पाणी, असा अर्थ सांगतात. आजी, नातवंडे, कॉलेजातली मुले काळ्या वाळूवरून पाण्यात उतरतात, डोक्यावरून पाणी घेतात, फुले सोडतात. डोंगरामागून उजाडते. होड्या त्या वेळी परतत असतात. पाण्यातून बाहेर आलेली मुले ओल्या केसांनी घराकडे जातात. घरी त्यांच्यासाठी पिवळा भात वाढून ठेवलेला असतो. त्या भाताचे नाव ‘नासी प्रज्ञान’.