आधी ताप द्या, मग भाव करा

शर्टाच्या धंद्यातल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

१९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला. त्या गावात मी आज निटिंगच्या कापडावर बोलणार आहे. अध्यक्षानं वर्षाचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. धाग्याचे भाव, निर्यात, जीएसटी यांची टिपणं आपल्या फायलीत आहेत, ती वाचावीत. मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती मी फार वर्षं साठवून ठेवली आहे.

छापील शर्टाचं पॉलिस्टर निट आपण चिमटीनं विकत घेतो. दोन बोटांत धरलं, मऊ लागलं, जीएसएम विचारला, किलोचा भाव पाडला, की रोल गाडीत. हे थांबलं पाहिजे.

आपली नजर मागावरच्या कापडावर घडली. त्यात ताणा-बाणा एकमेकांना धरून असतो. दुकानात मोजलेला पना कटिंग टेबलावर बराचसा टिकतो. निटमध्ये फासे असतात. स्टेंटरवर, म्हणजे कापड ताणून ताप देणाऱ्या यंत्रावर, ओढाल तितका पना वाढतो, जीएसएम उतरतो. पॉलिस्टर ज्या तापमानाला बसवलं असेल, त्याच्या आतच ते माप राखतं. प्रोसेसवाल्यानं इंधन वाचवायला स्टेंटर वेगात पळवला, कापड १७० अंशांना बसलं आणि आपण सब्लिमेशन छपाईला २०० अंशांचा ताप दिला, की कोंडलेला ताण सुटतो. लांबी-रुंदी पाच-पाच टक्के आटली तर क्षेत्रफळ जवळजवळ दहा टक्क्यांनी जातं. १५० जीएसएमचं कापड १६६ वर पोचतं. पैसे आपण किलोनं मोजलेले असतात. दहा शर्टांच्या कापडात नऊच बसतात.

एका मोठ्या व्यापाऱ्याकडून आमच्याकडे पांढरा इंटरलॉक आला. बेत आधी कापून मग नक्षी छापायची होती. आमच्या कटिंग मास्तरांनी रोल उघडताच ५० सेंटिमीटरचा चौकोन आखला आणि कोऱ्या कागदाखाली हीट प्रेसमध्ये घातला. बाहेर आला तेव्हा पन्याकडची बाजू ४७ भरली. म्हणजे ४० छातीचा शर्ट ३८ च्याही आत गेला असता आणि कागदाखाली कापड सरकल्यानं नक्षीची कड दुहेरी उमटली असती. तो तुकडा व्यापाऱ्यासमोर ठेवला. तो म्हणाला, “पण हाताला बघा, रेशीम आहे.” तो मऊपणा सिलिकॉनचा होता, धाग्याचा नव्हता. रोल परत गेले.

म्हणून सुरतेचा माल की चीनचा, हा आपला जुना वाद मला निरर्थक वाटतो. तापात टिकला तो आपला. सिंगल जर्सी की इंटरलॉक, हे तर शिलाईवरच्या माणसाला विचारा. जर्सीच्या कडा गुंडाळतात. पीसवर काम करणाऱ्या आमच्या एका बाईंनी बटणपट्टीसाठी आलेला जर्सीचा गठ्ठा तसाच परत ठेवला आणि इंटरलॉक मागितलं. माझ्यापुरता तो वाद तिथं मिटला.

सूतमिश्रित घ्या, असं काहीजण म्हणतात. घामाची तक्रार खरी आहे. पॉलिस्टर जेमतेम ०.४ टक्के ओलावा धरतं, सूत ८.५. पण सब्लिमेशनचा डिस्पर्स रंग सुतावर बसत नाही. निम्म्या सुताचा शर्ट पहिल्या धुण्यातच विटतो. घामावर उपाय विरळ विणीत आणि सैल बेतात शोधा.

मी उमेदवारी केली गिरणगावात. तिथं माल दाराबाहेर पडण्याआधी तपासणीखात्यातून जायचा. आटणं, रंगाचा पक्केपणा, ताकद, सगळं नोंदवहीत चढायचं आणि नापास ताका मुकाट्यानं मागे फिरायचा. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडत गेल्या. भिवंडीत, इचलकरंजीत माग वाढले, पण ते खातं कुणी उचलून आणलं नाही. आज स्टेंटर आणि आपलं टेबल यांच्यामध्ये कापडाला ‘नाही’ म्हणणारं कुणी उरलेलं नाही. ती माणसं, त्यांच्या त्या वह्या मला अजून आठवतात.

तेव्हा खरेदीच्या चिठ्ठीवर जीएसएमशेजारी ‘२०० अंशांनंतरचा पना’ लिहून मागायचा, असा ठराव दुपारच्या सत्रात मांडतो. ज्यांच्याकडे प्रेस नाही त्यांच्यासाठी संघटनेचं एक सामाईक यंत्र असावं. जागा आणि खर्च कार्यकारिणीनं ठरवावा. त्याची वाट पाहू नका. ज्यांचा नवा रोल आज गाडीत पडून आहे, त्यांनी जेवणाआधी त्यातला हातभर तुकडा मला आणून द्यावा. हीट प्रेसचं यंत्र मी सोबत आणलं आहे.